'अवर अमेरिकन कझिन': पदरची वाक्यं कुणाच्या मालकीची?

१४ एप्रिल १८६५ च्या रात्रीची वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरची जाहिरात नेटवर शोधली की लगेच सापडते. त्याच रात्री तिथे 'अवर अमेरिकन कझिन' हे नाटक बघत असताना अमेरिकेचे प्रेसिडेंट लिंकन यांचा जॉन विल्क्स बूथ या नटाने खून केला. उभा चिंचोळा कागद, वर मोठ्या टायपात थिएटरचं नाव, खाली मिस लॉरा कीन यांचा बेनिफिट (म्हणजे ज्याचं उत्पन्न त्या नटीला जायचं तो प्रयोग) आणि शेवटची रात्र. (त्यावर प्रेसिडेंट लिंकन हजर राहणार असं छापलेलं दिसलं तर ती प्रत नकली समजायची, खुनानंतर तसल्या छापून विकल्या गेल्या.) बाकीचे लोक तो कागद खुनाचा पुरावा म्हणून बघतात, मी मात्र त्यातल्या एका ओळीवर अडकलो. टॉम टेलर यांची गाजलेली कॉमेडी, अमेरिकेतली मूळ निर्मिती मिस कीन यांची, आणि त्यांनी स्वतः हजाराच्या वर रात्री केलेली. आता नाटकाच्या जाहिरातीत 'मूळ निर्मिती आमचीच' असं कोण छापतं? ज्याचा माल दुसऱ्यांनी उचललाय तोच. 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी जशी शेजारच्या दुकानाला उद्देशून असते तशी ती ओळ होती, आणि ती कुणाला उद्देशून होती हे कळायला सहा-सात वर्षं मागे जावं लागतं.

खून, मारेकरी, गोळी घालून बॉक्समधून त्याने स्टेजवर मारलेली उडी हे सगळं सगळ्यांना माहीत आहे, ते परत सांगत नाही. मला या नाटकात दुसरीच गोष्ट इंटरेस्टिंग वाटते, ती म्हणजे याच्यात जे जे गाजलं त्यातलं बरंचसं लेखकाने लिहिलेलंच नव्हतं.

लेखक इंग्रज. टॉम टेलर हे लंडनचे गृहस्थ, शिक्षणाने वकील, काही काळ इंग्रजीचे प्राध्यापक, पोटापाण्याला सरकारी आरोग्य खात्यात नोकरी, आणि हे सगळं सांभाळून वर नाटकं पाडायचे, म्हणजे अक्षरशः डझनांनी. १८५१ ला लंडनमध्ये मोठं प्रदर्शन भरलं, त्यानिमित्ताने अमेरिकन पाहुण्यांची गर्दी झाली आणि त्या सुमारास एक यांकी नट, म्हणजे गावरान अमेरिकन माणसाच्या भूमिका करणारा, लंडनमध्ये होता, त्याला डोळ्यापुढे ठेवून टेलरनी हे नाटक लिहिलं. लंडनच्या एका मॅनेजरने ते घेतलं आणि ठेवून दिलं. नाटक काही लागलं नाही, तो नटही १८५५ मध्ये वारला. मात्र त्याच्याकडे संहितेची एक प्रत राहिली होती आणि ती त्याच्या बायकोकडे गेली. ही प्रत लक्षात ठेवा, पुढे ती कोर्टात येणार आहे.

लॉरा कीन पण मूळची इंग्लंडचीच. नटी, आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर स्वतःच्या नावाचं थिएटर चालवणारी मॅनेजर, त्या काळात बाईने हे करणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. १८५८ च्या शरद ऋतूत तिला करायचं होतं शेक्सपिअर, 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम', पण त्याचं नेपथ्य रंगवून तयार होईना, आणि थिएटर तर रोज उघडायला पाहिजे. मधल्या काळात भराव म्हणून टेलरचं हे नाटक काढलं. भराव म्हणून काढलेलं नाटक १५ ऑक्टोबर १८५८ ला लागलं ते पाच महिन्यांच्या आसपास हललं नाही. तेव्हा एक नाटक सलग महिनाभर चाललं तरी लोक बोटं तोंडात घालायचे.

गोष्ट थोडक्यात अशी. इंग्लंडमधलं एक खानदानी पण कर्जात बुडालेलं घराणं, ट्रेंचर्ड, त्यांच्याकडे व्हरमाँटहून एक लांबचा भाऊ येतो, एसा ट्रेंचर्ड, रांगडा, मोठ्याने बोलणारा, शिष्टाचार नावाची भानगड न कळणारा, पण मनाचा सोन्यासारखा. घराण्यातल्या एका म्हाताऱ्याने अमेरिकेत मरताना आपल्या घरच्यांना डावलून इस्टेट याच्या नावावर केलेली. आपली मुलगी कुठल्या तरी पैसेवाल्याच्या गळ्यात बांधायला टपलेली एक आई आहे, घराण्याला लुबाडणारा दिवाणजी आहे, त्याचा दारुडा कारकून आहे. एसाचं प्रेम बसतं ते गाईंचं दूध काढणाऱ्या एका गरीब मुलीवर, आणि ते मृत्युपत्र नसतं तर इस्टेट तिचीच असती. मग हा काय करतो, तर तिच्यासमोर बसून तेच मृत्युपत्र पेटवून त्यावर आपली सिगार शिलगावतो. बोलत बोलत, काही विशेष करतोय असं न दाखवता. आज संहिता वाचताना पण हा प्रवेश छान वाटतो, बाकीचं बरंच शिळं झालंय.

एसाचं काम जोसेफ जेफरसनला मिळालं आणि त्याचं नाव झालं. पण या नाटकाचा खरा खेळ केला तो दुसऱ्याने. लॉर्ड डंड्रिअरी नावाचा एक बावळट उमराव नाटकात होता, सत्तेचाळीस ओळींचा रोल. तो गेला ई. ए. सदर्नकडे. सदर्न पण इंग्रज, लिव्हरपूलचा. (म्हणजे बघा, लेखक इंग्रज, मालकीण इंग्रज, स्टार इंग्रज, गोष्ट इंग्लंडात घडते, आणि तरी या नाटकाला सगळे अमेरिकन कॉमेडी म्हणतात. जन्मलं न्यूयॉर्कच्या स्टेजवर एवढ्यावरच, आणि माझ्या मते ते बरोबर आहे.) सदर्न नाराज होता, एवढ्याशा कामात करू काय असं त्याचं म्हणणं. जेफरसननेच पुढे लिहून ठेवलंय की काही आठवड्यांनी हा माणूस वैतागून त्या रोलमध्ये काहीबाही घुसवायला लागला, तोतरं बोलणं, बोबडं बोलणं, मध्येच एक उडी मारून चालणं. डोळ्याला एकच काच, गालावरून खाली लोंबणारे लांब कल्ले. आपल्याकडच्या नाटकवाल्यांच्या भाषेत ॲडिशन घेणं. लोक हसायला लागले की दुसऱ्या दिवशी अजून एक ॲडिशन.

त्या उडीचे पण दोन-तीन किस्से आहेत. एका किश्श्याप्रमाणे थंडीत तालमीला अंग गरम राहावं म्हणून तो जागच्या जागी उड्या मारत होता, मालकिणीने खवचटपणे विचारलं की हे पण तुमच्या कामात आहे का, तर तो म्हणाला हो आहे, आणि मग शब्द राखायला प्रयोगात पण मारली. खरंखोटं देव जाणे, पण तालमीतली मस्करी प्रयोगात जाते हे कुठल्याही हौशी ग्रुपमध्ये बसलेल्या माणसाला पटेल.

डंड्रिअरीची दुसरी खुबी म्हणजे म्हणींची खिचडी. इंग्रजीत एक म्हण आहे एकाच पिसांचे पक्षी एकत्र जमतात अशी आणि दुसरी आहे घरंगळत्या दगडावर शेवाळ धरत नाही अशी, हा त्या दोन्हींना जोडून एकाच पिसांच्या पक्ष्यांवर शेवाळ धरत नाही असं गंभीरपणे सांगायचा. मराठीत करायचं तर 'नाचता येईना म्हणून कोल्ह्याला द्राक्षं आंबट' अशा थाटाचं. शिवाय अमेरिकेतल्या सॅम नावाच्या भावाचं पत्र वाचायचा, कागद उभा धरून, आडवा धरून, उलटा करून. कागदावर जेमतेम काही ओळी असतील, पण तो प्रवेश रोज थोडा थोडा लांबत गेला. जेफरसनच्या सांगण्याप्रमाणे पहिला महिना संपायच्या आत डंड्रिअरी बाकी पात्रांच्या बरोबरीला आला आणि शेवटी शेवटी सगळ्यांच्या पुढे गेला. एसाचं काम करणारा, म्हणजे नाटकाचा नायक, हे स्वतः कबूल करतोय.

इथून पुढे आला कोर्टाचा भाग, आणि मला विचाराल तर या नाटकाच्या इतिहासात यापेक्षा महत्त्वाचं काही नाही, खूनसुद्धा नाही. खून कुठल्याही नाटकाच्या वेळी झाला असता.

नाटक चालतंय म्हटल्यावर ते उचलणारे तयारच होते. न्यूयॉर्कला लागल्यावर थोड्याच काळात फिलाडेल्फियाच्या एका थिएटरच्या दोन मॅनेजरांनी ते लावलं, बॉस्टनमध्ये पण एका म्युझियमवाल्याने लावलं (तिथे म्युझियमच्या नावाखाली थिएटर चालायचं, धार्मिक लोकांना नाटकाला जाताना लाज वाटू नये म्हणून). कीनबाईंनी दोघांवर दावे लावले. आता तुम्ही म्हणाल की सरळ कॉपीराइट होता ना. तिथेच तर गोची. अमेरिकेत १८५६ ला कायदा झाला होता की नाटककाराला छपाईबरोबर प्रयोगाचा पण हक्क, त्याआधी छापायचा हक्क होता पण नाटक कुणीही करावं. पण तो कायदा अमेरिकेच्या नागरिकांना आणि तिथे राहणाऱ्यांना लागू, परदेशात राहणाऱ्या परदेशी लेखकाला नाही. टेलर लंडनमध्ये. मग त्याच्याकडून पैसे मोजून हक्क घेतलेल्या कीनला पण कायद्याने कॉपीराइट मिळेना, ज्याच्याकडे नाही त्याच्याकडून घेणार काय? परदेशी लेखकांसाठी अमेरिकेने दार किलकिलं केलं ते थेट १८९१ मध्ये.

मग राहिला जुना न छापलेल्या लिखाणाचा हक्क. संहिता छापलेली नाही, हस्तलिखित आहे, ते माझं आहे, माझ्या परवानगीशिवाय वापरू नका. ठीक. पण फिलाडेल्फियाच्या मॅनेजरांनी सांगितलं की आम्ही तुमचं हस्तलिखित चोरलेलंच नाही, आमच्याकडे स्वतंत्र प्रत आहे. कुठून आली? त्या वारलेल्या यांकी नटाच्या बायकोकडून! म्हणजे टेलरने ज्याच्यासाठी नाटक लिहिलं त्याच्याकडे राहिलेली ती प्रत.

पण या प्रतीत एक अडचण होती. ती होती मूळ लिखाणाची, आणि लोक बघायला येत होते ते ॲडिशनसकट नाटक. ब्रॉडवेवर रोज वाढत गेलेले विनोद, हालचाली, वाक्यं त्या प्रतीत नव्हतीच. मग फिलाडेल्फियावाल्यांना ते कुठून मिळालं? जेफरसनकडून! कीनच्या कंपनीत पगारावर असलेल्या या नटाने तालमी-प्रयोगात घातलेल्या गोष्टी परस्पर त्यांना पुरवल्या, असं निकालात येतं. आणि जाता जाता, त्या दोन मॅनेजरांपैकी एकाचं पुढच्याच वर्षी लग्न झालं ते लिंकनच्या मारेकऱ्याच्या बहिणीशी. म्हणजे कीनचा प्रतिवादी मारेकऱ्याचा मेहुणा. याला योगायोग सोडून काही अर्थ नाही, त्या काळचं अमेरिकन नाटक म्हणजे एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यांचं गावच होतं.

फिलाडेल्फियाच्या फेडरल कोर्टाने १८६०-६१ च्या सुमारास निकाल दिला तो मला अजून पूर्ण पचलेला नाही. न्यायाधीश म्हणाले, कॉपीराइटच्या कायद्यात बाईंना काही मिळत नाही. पण जेफरसनने घातलेली भर ही नोकरीत असताना, मालकिणीच्या नाटकासाठी, तिच्या स्टेजवर घातलेली आहे म्हणून ती मालकिणीची. आणि ती प्रतिवादींना विश्वासघाताने मिळाली, म्हणून ते जबाबदार. बाई जिंकल्या.

छान वाटतं ना? आता दुसऱ्या बाजूने बघा. नटाने स्वतःच्या डोक्यातून, स्वतःच्या अंगाने, समोर बसलेल्या पब्लिकच्या हशावर पारखून जे उभं केलं ते पगार देणाऱ्याच्या खात्यात जमा. कंपनीत नोकरी करताना लिहिलेला कोड कंपनीचा, हे आज आयटीतल्या पोरांना जॉइनिंगच्या दिवशीच सही करून द्यावं लागतं, त्या विचाराच्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांमध्ये कायद्याचे अभ्यासक हा खटला धरतात. एका फार्समधल्या कोट्यांवरून! कीनबाईंवर अन्याय होत होता हे मान्य, पण तो दूर करायला कोर्टाने जो रस्ता काढला त्याच्याखाली नट चेंगरला असं मला तरी वाटतं. तेव्हा कुणाला ते खटकलेलं दिसत नाही, कारण भांडण दोन थिएटरांचं होतं.

या बाबतीत मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगून टाकतो. कॉलेजनंतर काही वर्षं एका हौशी ग्रुपमध्ये मी प्रॉम्प्टर होतो. आमच्या एका मित्राने नोकराच्या चिमुकल्या कामात इतक्या ॲडिशन घेतल्या की शेवटी शेवटी मला वहीत कुठली ओळ चालू आहे हेच कळायचं नाही, मी पेन्सिलीने त्याची वाक्यं समासात लिहून घ्यायला लागलो. पुढे ग्रुप फुटला, नाटक दुसऱ्यांनी केलं, आणि माझ्याच वहीची झेरॉक्स घेऊन त्याचे सगळे विनोद भलत्याच नटाच्या तोंडी घातले. तो प्रयोगाला येऊन शेवटच्या रांगेत बसला होता, इंटरव्हलला उठून गेला. झेरॉक्स मीच काढू दिली होती.

असो. बॉस्टन. तिथे राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने १८६० मध्ये नेमकं उलटं केलं. नाटक तुम्ही लोकांसमोर केलंत, तिकीट काढून लोक बघून गेले, आता बघणाऱ्याने ते डोक्यात साठवलं आणि दुसरीकडे जाऊन केलं तर त्याला अडवायचं कसं? कुणी करार मोडला, विश्वास मोडला असं दाखवलं असतं तर गोष्ट वेगळी, पण तसं दाव्यात म्हटलेलंच नाही. दावा गेला. फिलाडेल्फियाच्या न्यायाधीशांनी पण हे तत्त्व धुडकावलं नव्हतं, कुणी खुर्चीत बसून पाठ केलं असतं तर हरकत नाही असंच त्यांचं म्हणणं, फक्त इथे पाठांतर झालेलं नाही, फितुरी झालीये.

म्हणजे कायदा असा झाला की डोक्यात घेऊन गेलात तर तुमचं, कागदावर घेऊन गेलात तर चोरी. बॉस्टनच्या कोर्टाने जाता जाता एवढंही म्हणून ठेवलं की शॉर्टहँडने उतरवून घेऊन छापण्याचा हक्क आहे असा याचा अर्थ काढू नका. आता व्यवहारात काय होणार ते कुणीही सांगेल. चार पाठांतरवाले लोक चार रात्री तिकीट काढून बसवायचे, एकाने नायकाची वाक्यं धरायची, एकाने नायिकेची, रात्री बाहेर पडून आठवून सांगायचं आणि कुणीतरी लिहून घ्यायचं. पाठांतर म्हणून कायद्यात बसतंय! सुमारे वीस वर्षं हे चाललं. शेवटी १८८२ मध्ये त्याच मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टासमोर असंच एक प्रकरण आलं, न्यूयॉर्कला लागलेलं नाटक माणसं पाठवून डोक्यात भरून आणलेलं, तेव्हा कोर्टाने आपला जुना निकाल चुकीचा होता म्हणून मोडीत काढला. कीन तोवर जाऊन नऊ वर्षं झाली होती.

एवढं झाल्यावर ती जाहिरातीतली ओळ परत वाचा. 'अमेरिकेतली मूळ निर्मिती मिस कीन यांची.' कोर्टाकडून अर्धमुर्धं मिळालेलं ती आता टायपात छापून वसूल करत होती. १८६३ मध्ये तिने न्यूयॉर्कचं थिएटर सोडलं, त्यानंतर दौरे. गावोगावच्या थिएटरात स्टार म्हणून जायचं, तिथल्या स्थानिक कंपनीबरोबर दोन-चार तालमी करून हेच नाटक करायचं.

सदर्नचं मात्र भलतंच झालं. तो हे नाटक घेऊन लंडनला गेला, ११ नोव्हेंबर १८६१ ला हेमार्केट थिएटरला लागलं. सुरुवातीला थंड प्रतिसाद, मॅनेजर नाटक काढायच्या विचारात, आणि मग एकदम पकडलं ते चारशेच्या वर प्रयोग. गंमत म्हणजे इंग्रज उमरावांची टिंगल बघायला इंग्रज उमरावच यायला लागले. लांब कल्ल्यांना डंड्रिअरी असं नावच पडलं आणि ते नाव डिक्शनऱ्यांमध्ये अजून आहे. सॅम भाऊ, जो मूळ नाटकात फक्त पत्रातून भेटायचा, त्याच्यावर स्वतंत्र नाटक निघालं, डंड्रिअरीच्या लग्नावर वेगळं. मूळ नाटकात एसा आता पाहुण्यासारखा उरला. लोक 'अमेरिकन कझिन' ला जातोय असं न म्हणता डंड्रिअरीला जातोय म्हणायचे. लेखकाने सत्तेचाळीस ओळी लिहून दिल्या होत्या त्यावर या माणसाने पुढची वीस वर्षं काढली.

जेफरसन एसाला घेऊन ऑस्ट्रेलियाला गेला, नंतर 'रिप व्हॅन विंकल' या नाटकामुळे जन्मभराची सोय झाली त्याची. विंगेतल्या फितुरीबद्दल त्याने पुढे फार बोलल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता वॉशिंग्टन. त्या रात्री एसाच्या कामात जेफरसन नव्हता, डंड्रिअरीच्या कामात सदर्न नव्हता, मूळ संचातली फक्त कीन, ट्रेंचर्ड घराण्यातल्या फ्लॉरेन्सच्या भूमिकेत. प्रेसिडेंट उशिरा आले, नाटक सुरू झालेलं होतं, ते थांबवलं, बँडने सलामी वाजवली, लोक उभे राहून ओरडले, मग परत चालू. आणि पाहुणे आल्यावर नट काय करणार? ॲडिशन! नाटकात एक प्रवेश आहे ज्यात वाऱ्याच्या झोतापासून लांब बसायचं म्हणते एक मुलगी. इंग्रजीत वाऱ्याचा झोत आणि सक्तीची लष्करभरती यांचा उच्चार एकच, त्यामुळे युद्धाच्या काळात त्यावर 'त्याच्यापासून पळू बघणाऱ्या तुम्ही एकट्याच नाही' अशी कोटी चालायची. पाचच दिवसांपूर्वी त्या यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती ली शरण आलेला. त्या रात्री वाक्य बदललं, प्रेसिडेंटसाहेबांच्या हुकमाने तो झोत आता बंद झालाय, अशा अर्थाचं काहीतरी. थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी.

मग तिसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश. ती पैसेवाला जावई शोधणारी आई एसाला शिष्टाचारावरून सुनावून आत जाते आणि स्टेजवर एसा एकटा. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत तो म्हणतो की मला शिष्टाचार कळत नाही काय, पण तुला उलटीपालटी करण्याएवढं मला नक्की कळतं, म्हातारे, आणि मग ती प्रसिद्ध शिवी, सॉकडॉलोजायझिंग ओल्ड मॅनट्रॅप. मॅनट्रॅप म्हणजे इंग्लंडमधल्या इस्टेटींवर चोरटे शिकारी पकडायला लावायचे ते लोखंडी सापळे, इथे अर्थ पुरुष पकडणारी. पहिला शब्द अमेरिकन बोलीतल्या एका शब्दावरून पाडलेला, निर्णायक ठोसा अशा अर्थाच्या, त्याचं असं रूप करून वापरायला अर्थ असा काही नाहीच, तोंडात घोळवायला मजा येते म्हणून लिहिलेला. इंग्रज लेखकाने अमेरिकन माणूस कसा बोलत असेल त्याची केलेली कल्पना. हशा हमखास यायचा, स्टेजवर एकच माणूस उरायचा. मारेकरी स्वतः नट, त्या थिएटरात त्याची ऊठबस, पत्रं सुद्धा तिथेच यायची, नाटक त्याला पाठ. गोळीचा आवाज हशात दबेल हे त्याने धरलं असावं असं सगळे मानतात, आणि मला पण ते पटतं. हशाची जागा नेमकी कुठे आहे हे फक्त नाटकवाल्यालाच सांगता येतं. साधारण सव्वादहा वाजले होते.

काही प्रेक्षकांना उडी मारून खाली आलेला माणूस पण नाटकातलाच वाटला. इतकी वर्षं या नाटकात नट वाटेल ते घुसवत आले होते, वाटणारच.

कीन स्टेजवरून वर बॉक्समध्ये गेली, लिंकनचं डोकं तिने मांडीवर घेतलं, तिच्या त्या पोशाखाच्या बाहीचा एक डागाळलेला कफ आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. पुढच्या मुक्कामाला निघालेली असताना तिला आणि बरोबरच्या नटांना वाटेत पेनसिल्व्हेनियात अटक झाली, चौकशी होऊन सुटका. थिएटरमालकाला ३९ दिवस तुरुंगात ठेवलं, काही संबंध नसताना. जुलैमध्ये त्याने थिएटर परत उघडायचा प्रयत्न केला तर धमक्या आल्या आणि सरकारने ते बंदच ठेवलं, आधी भाड्याने घेतलं, मग एक लाख डॉलरला विकत. आत मजले टाकून सरकारी ऑफिस केलं, लष्कराची कागदपत्रं, वैद्यकीय संग्रहालय. ९ जून १८९३ ला आतले मजले कोसळले आणि २२ कारकून मेले. त्याच दिवशी न्यूयॉर्कला मारेकऱ्याच्या थोरल्या भावाचा, त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या अमेरिकन नटाचा, अंत्यविधी चालू होता. थिएटर म्हणून ती वास्तू परत उघडली १९६८ मध्ये.

आज नाटक वाचायला मिळतं ते १८६९ च्या छापील प्रतीतून. त्यातली कुठली ओळ टेलरची, कुठली जेफरसनची, कुठली सदर्नची आणि कुठली गावोगावच्या अनाम नटांची हे वेगळं काढणं अवघड आहे. डंड्रिअरीच्या वाट्याला तिथे सत्तेचाळीसपेक्षा कितीतरी जास्त ओळी आहेत एवढं मात्र कुणीही मोजून बघावं.

कीन १८७३ मध्ये क्षयाने गेली, वय अवघं ४७. टेलर १८८० ला, सदर्न १८८१ ला. १९०८ मध्ये न्यूयॉर्कला हे नाटक परत लागलं तेव्हा एसाचं काम कुणी केलं याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, लोक आले होते ते डंड्रिअरीसाठी, आणि डंड्रिअरी करत होता सदर्नचा मुलगा.